एका मशीनपासून सुरुवात: कारखान्यात जोडलेली उपकरणं कशी बसवावीत आणि त्यातून काय बदलतं

"मशीन ३, बंद २० मिनिटं, किरकोळ." पाळी संपताना नोंदवहीत लिहिलेलं असं वाक्य कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाने वाचलेलं असतं. त्या 'किरकोळ'मध्ये काय दडलेलं असतं, ते मला पत्रा दाबून आकार देणाऱ्या एका प्रेसपाशी पहिल्यांदा दिसलं. प्रेसची अवस्था दाखवणाऱ्या रंगीत दिव्यांच्या खांबातल्या, म्हणजे टॉवर लॅम्पमधल्या, हिरव्या दिव्याला समांतर आम्ही एक छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) जोडला होता. दिवा लागला की १, विझला की ०, आणि सोबत वेळ. बाकी काहीच मोजत नव्हतो. पहिल्या पाळीचा आलेख काढला तर त्यात २० मिनिटांची सलग पट्टी कुठे सापडेना. होत्या त्या ३०-४० सेकंदांच्या बारीक फटी, कंगव्याच्या दातांसारख्या एकीला लागून एक. पत्रा फीडरमध्ये किंचित तिरका जायचा, ऑपरेटर मशीन थांबवून गार्ड उघडायचा, पत्रा सरळ करायचा, गार्ड लावून रीसेट दाबायचा. त्याच्या लेखी ते थांबणं नव्हतंच, रोजचं काम होतं. सगळ्या फटींची बेरीज दीड तासाच्या घरात गेली. फीडरचं झिजलेलं गाइड बदलायला अर्धा दिवस पुरला.

'डिजिटल परिवर्तन' हा शब्द ऐकून अनेकांच्या डोळ्यांसमोर मोठे पडदे आणि रोबोट येतात. माझ्यासाठी तो शब्द म्हणजे ती अर्ध्या दिवसाची दुरुस्ती आहे. जो निर्णय अंदाजाने होत होता किंवा होतच नव्हता, तो मोजमाप पाहून झाला. हा लेख त्या रस्त्याने पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी आहे: नव्याने रुजू झालेला इंजिनीअर, मेंटेनन्समधला माणूस, किंवा 'आपल्याकडेही हे करून बघू' असं वाटणारा छोट्या कारखान्याचा मालक.

थोडी पार्श्वभूमी आधी. नेटवर्कला जोडलेल्या वस्तूंसाठी 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हा शब्दप्रयोग केविन अॅश्टन यांनी १९९९ मध्ये केला आणि अशा जोडलेल्या कारखान्यांसाठी 'इंडस्ट्री ४.०' हे नाव २०११ च्या जर्मनीतल्या हॅनोव्हर मेळ्यात पुढे आलं. पण मशीनच्या पोटात मेंदू बसला त्याला अर्धं शतक उलटून गेलं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ च्या सुमारास मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, घडवला, जनरल मोटर्सच्या कारखान्यांतल्या रिलेंच्या भल्यामोठ्या पॅनलना पर्याय म्हणून. तेव्हापासून मशीनला स्वतःबद्दल बरंच काही ठाऊक असतं: किती फेरे झाले, कोणता व्हॉल्व्ह उघडा आहे, कोणता फॉल्ट आला. ती माहिती पॅनलच्या दाराआड राहायची, एवढंच. आता ती दाराबाहेर आणणं स्वस्त आणि सोपं झालं आहे.

पायरी १: आधी प्रश्न, मग सेन्सर

बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. कोणीतरी ५० सेन्सर मागवतो, ते बसतात, पडद्यावर आकडे नाचायला लागतात आणि महिन्याभराने तिकडे कोणी फिरकत नाही. म्हणून एका कागदावर तीन ओळी लिहा. कोणता प्रश्न? उत्तर मिळाल्यावर कोणता निर्णय बदलेल? तो निर्णय कोण घेणार?

'कारखान्याची सगळी माहिती हवी' हा प्रश्न झाला नाही. 'दुसऱ्या पाळीत मशीन ५ चं उत्पादन पहिल्या पाळीपेक्षा कमी का येतं?' हा प्रश्न झाला. तिसऱ्या ओळीत नाव लिहिता आलं नाही तर तो कागद बाजूला ठेवा आणि दुसरा प्रश्न शोधा. मी हे नियम म्हणून पाळतो, आणि त्यामुळे वाचलेला पैसा सेन्सरवर खर्च केलेल्या पैशापेक्षा जास्त असावा.

मशीन कोणतं निवडायचं? ज्याच्या पुढ्यात अर्धवट झालेला माल साचतो ते. सगळ्या लाइनचा वेग तेच ठरवतं. तिथे वाचलेला एक तास सगळ्या लाइनचा एक तास असतो. इतर मशीनवर वाचलेला तास बहुधा त्या मशीनच्या पुढच्या ढिगात भर घालतो.

पायरी २: ऑपरेटरशी बोला, तेही तार ओढण्याआधी

मशीनवर अचानक एक डबा आणि अँटेना दिसली की पाळीवरच्या लोकांच्या मनात एकच विचार येतो: आपल्यावर नजर ठेवताहेत. हा संशय चुकीचा ठरवणं तुमच्या हातात आहे. काय मोजणार, काय मोजणार नाही आणि कोणाला दिसणार, हे समोर बसून सांगा. आकडा मशीनचा असेल, माणसाचा नसेल, असं व्यवस्थापनाकडून कबूल करून घ्या आणि ते पाळलं जाईल हे बघा. एकदा का या आकड्यावरून कोणाला बोलणी बसली, की थांबण्याचं खरं कारण तुम्हाला पुन्हा कोणी सांगणार नाही. खोटी कारणं भरलेल्या डेटापेक्षा कोरी वही बरी.

ऑपरेटरला त्यातून काहीतरी मिळायलाही हवं. त्या प्रेसवरच्या ऑपरेटरने पत्रा तिरका जातो हे आधी दोनदा सांगितलं होतं. कोणी मनावर घेतलं नव्हतं. आलेख आल्यावर त्याच्या म्हणण्याला वजन आलं. माझ्या पाहण्यातला या सगळ्या खटाटोपाचा तो सगळ्यात चांगला परिणाम आहे.

पायरी ३: मशीनकडे आधीच काय आहे ते पाहा

एक पूर्ण पाळी मशीनपाशी उभे राहा. मग मेंटेनन्सच्या माणसासोबत, वीज बंद करून, पॅनल उघडा. पीएलसी कोणत्या बनावटीचा आहे, त्याला इथरनेट पोर्ट आहे की फक्त सिरियल, कोणती माहिती पीएलसीत कुठे आहे ते सांगणारी, मशीनसोबत आलेली पत्त्यांची यादी कुठे आहे, ते टिपून घ्या. पीएलसी बोलका असेल तर निम्मे सेन्सर विकत घ्यायची गरजच उरत नाही. फक्त वाचा, लिहू नका. चालत्या मशीनच्या पीएलसीत बाहेरून एक चुकीचा आकडा लिहिला गेला तर माणसाच्या हाताला इजा होऊ शकते.

जुन्या मशीनला पीएलसी नसेल तरी अडत नाही. टॉवर लॅम्पचा रिले वर सांगितलाच. तुकडे मोजायला प्रॉक्सिमिटी सेन्सर किंवा फोटो सेन्सर पुरतो. आणि माझी पहिली पसंती असते तारेतला करंट मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे सीटीला. चिमट्यासारखा उघडणारा सीटी एका फेजच्या तारेभोवती बसतो, तार कापावी लागत नाही. मोटर रिकामी फिरताना किती करंट घेते आणि काम करताना किती, हे दोन आकडे कळले की मशीन बंद आहे, रिकामं चालू आहे की खरोखर कामात आहे, हे वेगळं काढता येतं. नवखे इथे एक चूक हमखास करतात: तिन्ही फेज असलेली अख्खी केबल सीटीत घालतात. तिन्ही करंट एकमेकांना रद्द करतात आणि आकडा जवळपास शून्य येतो. दुसरी चूक मात्र जिवावर बेतू शकते. मुख्य तारेत करंट वाहत असताना सीटीच्या दुय्यम बाजूची टोकं उघडी ठेवली तर तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दाब, तापमान, पातळी मोजणारे ट्रान्समीटर बरेचदा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देतात. ० ते १० बारच्या ट्रान्समीटरवर ४ म्हणजे ० बार, १२ म्हणजे ५ बार, २० म्हणजे १० बार. सुरुवात शून्याऐवजी चारपासून का, असा प्रश्न पडतो. कारण तार तुटली तर करंट शून्यावर येतो, आणि 'दाब शून्य आहे' व 'तार तुटली आहे' या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. जुन्या लोकांचा हा शहाणपणा आजही तितकाच उपयोगी आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही तो फरक टिकला पाहिजे: आकडा न मिळणं आणि आकडा शून्य असणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

पायरी ४: किती वेळा मोजायचं?

भट्टीच्या तापमानाला मिनिटाला एक नोंद पुरते, दिवसाच्या १,४४० नोंदी होतात. बेअरिंगचं कंपन मात्र सेकंदाला १०,००० नमुन्यांनी घेतलं आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट धरले, तर एका सेन्सरचा दिवसाचा डेटा सुमारे १.७ जीबी होतो. एवढं सगळं ढकलत बसू नका. कंपनाचं गणित सेन्सरजवळच करून त्याचा सार, म्हणजे आरएमएस (कंपनाच्या एकूण तीव्रतेचा एक आकडा) आणि काही ठरावीक फ्रिक्वेन्सींची पातळी, तेवढाच पुढे पाठवतात. जवळच करण्याच्या या पद्धतीला एज कॉम्प्युटिंग म्हणतात.

पायरी ५: डेटाचा रस्ता

उपकरणं ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. त्यांतली तीन नावं सतत कानावर पडतील.

मॉडबस हा मॉडिकॉनने १९७९ मध्ये आणलेला प्रोटोकॉल. वय झालेलं असलं तरी एनर्जी मीटर, ड्राइव्ह, तापमान कंट्रोलर अशा असंख्य उपकरणांत तो आजही बोलला जातो. आरएस-४८५ या मानकाच्या दोन तारांवर १,२०० मीटरपर्यंत जातो, वेग कमी ठेवला तर. मॅन्युअलमध्ये रजिस्टर (आकडा ठेवण्याचा कप्पा) ४०००१ लिहिलेलं असतं, तर प्रत्यक्षात पत्ता ० द्यावा लागतो. दशांश संख्या बहुधा दोन रजिस्टरांत विभागून येते आणि त्यांचा क्रम उलटा लागला की ५० हर्ट्झच्या जागी भलताच आकडा दिसतो. पहिला आकडा विचित्र आला तर सेन्सरला दोष देण्याआधी या दोन गोष्टी तपासा.

ओपीसी यूए हा नव्या मशीनांचा सामाईक दुवा. त्यात आकड्यासोबत त्याचं नाव, एकक आणि दर्जा येतो, सुरक्षेची सोयही अंगभूत आहे.

एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी बनवला, तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती महागड्या उपग्रह दुव्यावरून कमीत कमी बाइटमध्ये आणण्यासाठी. उपकरण मधल्या ब्रोकरकडे संदेश टाकतं, ज्याला हवा तो उचलतो. त्यातली एक सोय मला फार आवडते. उपकरण जोडणीच्या वेळीच आपलं 'मृत्युपत्र', म्हणजे आपण गेल्यावर वाटायचा संदेश, ब्रोकरकडे ठेवतं. ते अचानक गायब झालं की ब्रोकर तो संदेश ऐकणाऱ्या सगळ्यांना वाटतो. त्यामुळे गप्प पडलेलं उपकरण लपून राहत नाही.

मशीन आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक गेटवे येतो: एका बाजूला मॉडबस वाचतो, दुसऱ्या बाजूला एमक्यूटीटी बोलतो. गेटवे घेताना एकच प्रश्न आवर्जून विचारा. नेटवर्क दोन तास गेलं तर तो नोंदी साठवून ठेवतो आणि नंतर मूळ वेळेसह पाठवतो का? 'नाही' म्हणाले तर दुसरा बघा. वायफायवर विसंबण्याआधी शॉप फ्लोअरवर सिग्नल प्रत्यक्ष मोजा, लोखंडी ढाचे आणि सरकती क्रेन त्याचं काय करतात ते कागदावरच्या नकाशात दिसत नाही. शक्य असेल तिथे तार ओढलेली बरी.

घड्याळं जुळवणं या कामाला कोणी महत्त्व देत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. एका मशीनचं घड्याळ ४ मिनिटं पुढे असेल तर हवेचा दाब पडल्यामुळे मशीन थांबलं की मशीन थांबल्यावर दाब बदलला, हे सांगता येणार नाही. सगळ्या उपकरणांना एकाच एनटीपी सर्व्हरवरून (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या) वेळ द्या, पहिल्या दिवसापासून.

नावांचंही तसंच. 'टेम्प१', 'नवीनटेम्प' अशी नावं सहा महिन्यांत कोणालाच उलगडत नाहीत. विभाग, लाइन, मशीन, मोजमाप, एकक असा क्रम ठरवा आणि सोडू नका.

पायरी ६: कुलूप आधी, जोडणी नंतर

नेहमीच्या मॉडबसमध्ये पासवर्ड ही कल्पनाच नाही; जो त्या नेटवर्कवर पोचला तो वाचू आणि लिहू शकतो. एमक्यूटीटीचं नेहमीचं पोर्ट १८८३ उघडं असतं, सांकेतिक जोडणीसाठी ८८८३ वापरा. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरने पीएलसीतला प्रोग्रॅम बदलून इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजचं (युरेनियम समृद्ध करणाऱ्या वेगवान यंत्रांचं) नुकसान केलं, आणि ते इंटरनेटपासून तोडलेल्या जागी यूएसबी ड्राइव्हच्या वाटेनेही पसरत होतं. मार्च २०१९ मध्ये नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. त्यांनी खंडणी दिली नाही आणि अनेक ठिकाणी कामगारांनी हाताने, कागदावर काम चालवलं. ज्यांना मशीन हाताने चालवता येत होतं, त्यांच्या बळावर ते निभावलं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या टीमला सांगतो.

तुमच्या पातळीवर निदान एवढं करा: मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, मध्ये फायरवॉल. उपकरणांसोबत बनवणाऱ्या कंपनीतून आलेले पासवर्ड बदला. डेटा आतून बाहेर जाऊ द्या, बाहेरून आत कोणालाही थेट वाट नको. सर्व्हिस इंजिनीअरला दूरस्थ प्रवेश हवा असेल तर तेवढ्या वेळापुरता उघडा आणि बंद करा. पीएलसीच्या प्रोग्रॅमची प्रत नेटवर्कबाहेर ठेवा. पुढे वाढायचं असेल तेव्हा औद्योगिक नेटवर्कच्या सुरक्षेची आयईसी ६२४४३ ही मानकमाला वाचायला घ्या.

पायरी ७: एक आकडा, नीट समजून

ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस), हा आकडा तुम्हाला भेटणारच. तो टीपीएमच्या (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) परंपरेतून, सेइची नाकाजिमा यांच्या कामातून आला. उदाहरण हाताने सोडवून पाहा. पाळी ४८० मिनिटांची, ठरलेली सुट्टी ३० मिनिटं, उरली ४५०. मशीन ९० मिनिटं बंद होतं, म्हणजे ३६० मिनिटं चाललं: उपलब्धता ८० टक्के. एका तुकड्याला ३० सेकंद लागतात, म्हणजे ३६० मिनिटांत ७२० व्हायला हवे होते, झाले ६१२: वेग ८५ टक्के. त्यातले ५९४ चांगले: दर्जा सुमारे ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६६ टक्के. पडताळा घ्यायचा तर ५९४ चांगल्या तुकड्यांना ३० सेकंदांप्रमाणे २९७ मिनिटं लागायला हवी होती. २९७ भागिले ४५०, तेच ६६ टक्के.

गंमत अशी की ६६ हा आकडा स्वतः फारसं काही सांगत नाही. सांगतात ते तीन तुकडे. आणि दोन मशीनांची ओईई शेजारी मांडून स्पर्धा लावणं तर सरळ चुकीचं आहे, कारण दिवसातून सहा वेळा डाय, म्हणजे साचा, बदलणाऱ्या प्रेसची तुलना एकच माल चालवणाऱ्या प्रेसशी होत नाही. मशीनची तुलना त्याच्याच कालच्या दिवसाशी करा. छोटी थांबणी कोणत्या खात्यात धरायची, म्हणजे किती मिनिटांपुढे 'बंद' म्हणायचं, ते एकदा ठरवा आणि मध्येच बदलू नका.

मशीन थांबल्याचं सेन्सर सांगतो, का थांबलं ते माणूसच सांगतो. त्यासाठी मशीनपाशी पाच-सहा मोठी बटणं असलेला पडदा द्या: माल नाही, टूल बदल, सेटअप, बिघाड, तपासणी, इतर. चाळीस कारणांची यादी दिलीत तर सगळे पहिलंच कारण दाबतील. 'इतर' फार वाढलं तर ऑपरेटरना विचारून एक बटण बदला.

पायरी ८: आकड्यावर कृती

रोज सकाळी दहा मिनिटं, मशीनच्या शेजारी उभं राहून, ऑपरेटर, सुपरवायझर आणि मेंटेनन्स यांनी कालचा एक आलेख बघायचा. सगळ्यात मोठी पट्टी कोणती, आज कोण काय करणार, एवढंच बोलायचं. ही बैठक झाली नाही तर आधीच्या सात पायऱ्या वाया गेल्या असं समजा.

सूचनांचा पूर येऊ देऊ नका. फोनवर दिवसाला दोनशे इशारे यायला लागले की खरा इशाराही न बघता पुसला जातो. प्रत्येक इशाऱ्याला नाव असलेला माणूस आणि ठरलेली कृती हवी. नसेल तर तो इशारा काढून टाका.

पैसे लवकर दिसावेत असं वाटत असेल तर कॉम्प्रेसरकडे बघा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मार्गदर्शनानुसार कॉम्प्रेसरच्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीत जाऊ शकते. उत्पादन पूर्ण बंद असताना लोड-अनलोड पद्धतीचा (दाब पडला की हवा भरणारा, पुरेसा झाला की रिकामा फिरणारा) कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि सीटीच्या आलेखावर बघा. हवा कोणीच वापरत नाही, तरी तो दर १० मिनिटांतली ३ मिनिटं लोड घेत असेल तर ३० टक्के क्षमता गळतीसाठी राबते आहे. मग कपलिंग, नळ्या, ड्रेन व्हॉल्व्ह एकेक करून शोधायचे. शांत शॉप फ्लोअरवर तो 'सूं'चा आवाज कानालाही सापडतो, पण सुट्टीच्या रात्री तिथे कान नसतात, सीटी असतो.

बेअरिंगच्या बाबतीत धीर धरा. कंपन बहुधा तापमानाच्या आधी वाढतं, म्हणून ते मोजणं उपयोगी. पण 'मशीन कधी बिघडणार ते एआय सांगेल' या आशेने सुरुवात केली तर निराशा पदरी येते, कारण भाकीत शिकायला बिघाडांच्या पुरेशा नोंदी लागतात आणि त्या तुमच्याकडे अजून नाहीत. आधी निरोगी मशीनचा नेहमीचा आकडा दोन-तीन महिने नोंदवा. तो सरकू लागला की माणूस पाठवा. कॅलेंडर बघून बेअरिंग बदलण्यापासून त्याची अवस्था बघून बदलण्यापर्यंतचा पल्ला एवढ्यानेही गाठता येतो.

पायरी ९: दुसरं मशीन

पहिल्या मशीनवर काही महिने नीट गेले की बदल खात्यांच्या भिंती ओलांडतो. प्लॅनिंगला खरा सायकल टाइम, म्हणजे एका तुकड्याला लागणारा वेळ, मिळतो, आणि तो कागदावरच्यापेक्षा वेगळा निघतो. कॉस्टिंगला एका तुकड्याची वीज कळते. ग्राहकाने तक्रार केली तर तो तुकडा कोणत्या वेळी, कोणत्या तापमानाला झाला ते काढता येतं. काही कंपन्यांचा धंदाच बदलतो: विमानाचं इंजिन विकण्याऐवजी उड्डाणाच्या तासाला पैसे घेण्याची 'पॉवर बाय द अवर' पद्धत ब्रिस्टल सिडलीने १९६२ मध्येच आणली आणि पुढे रोल्स-रॉइसने ती वाढवली. जोडलेल्या उपकरणांमुळे तो हिशेब आता पंप, कॉम्प्रेसर अशा साध्या यंत्रांनाही लावता येतो.

पण दुसऱ्या मशीनची तार ओढण्याआधी पहिल्याचा एक कागद पूर्ण करा. कोणता सेन्सर कोणत्या टर्मिनलवर, सीटी कोणत्या फेजवर, कोणतं रजिस्टर, कोणतं एकक, गेटवेचा पत्ता, शेवटची तपासणी कधी झाली. पासवर्ड त्यावर लिहू नका. एक प्रत ऑफिसात ठेवा आणि एक पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाकिटात लावा. रात्री अडीच वाजता पॅनल उघडणाऱ्या मेंटेनन्सच्या माणसाच्या हाताशी तीच लागणार आहे.